वाटीवरचे रवे

बारामती, सोमवार, ११ मार्च १९३५

आज पुन्हा रवे पळाले.

वाटीच्या कडेने सतरा रवे मांडले होते. फुंकणीने जाळ धरला, टाकणखार फुलला आणि सगळे रवे तव्यावरच्या मोहरीसारखे सरकले. चार बागेसरीच्या निखाऱ्यांत पडले. राख चाळून तीन सापडले.

दादाला जाऊन सव्वीस दिवस झाले. ही माझी शाळेतली वही आहे, निम्मी कोरी राहिली होती. मनातले मला बोलता येत नाही, लिहिता येते, म्हणून लिहितो.

आमच्या घराचे नाव रव्याच्या कामावर आहे. मंगळसूत्राच्या वाटीला कडेने राजगिऱ्याएवढे सोन्याचे रवे बसवायचे आणि जोड दिसू द्यायचा नाही. दादाने बसवलेल्या रव्यावरून नख फिरवले तरी जोडाचा डाख कुठे लावला ते कळत नसे. माझा डाख एक तर धरत नाही, नाही तर इतका पसरतो की रवे त्यात बुडून जातात. मी व्हर्नाक्युलर फायनल पास आहे. कस लावणे, वजन करणे, उजळा देणे एवढेच माझ्याकडे होते. रव्याचे काम दादा आतल्या खोलीत दार लावून करी.

वडिलांना, आप्पांना, आज सरळ विचारले, डाखात सोने किती, रुपे किती, तांबे किती. आप्पांना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. ते ओसरीवर बसून म्हणाले, "इद्या एका वक्ताला एकाच माणसाची. ती जोतीरामची हाय."

"दादा नाही आता, आप्पा."

"मला ठावं न्हाय व्हय?" म्हणाले आणि तोंड फिरवले.

दादाची बैठक, ते जुने घोंगडे, बागेसरीपाशी तसेच आहे. त्यावर मला बसू देत नाहीत. मी शेजारी फरशीवर बसतो.

गुरुवार, १४ मार्च

बाजाराचा दिवस. जळोचीचे मोहनराव आले. कालव्याच्या पाण्यावर वांगी, कांदा करतात. बरोबर त्यांची आई फुलाबाई. मोहनरावांच्या मुलीचे, झुंबरचे लग्न ठरले आहे, १२ मे. मुलगा इंदापूरचा.

मोहनरावांनी फडक्यातून सोन्याची जुनी दोन नाणी, पुतळ्या, काढल्या. म्हणाले, "ह्येची वाटी. एक वाटी आमची माहेरची, एक सासरची. सासरची इंदापूरचा तात्याबा सोनार घडवतोय. दोनी एका दोऱ्यात शेजारी लोंबणार. बाया हातात घिऊन बघणार. आमाला खाली मान घालाय लागाय नको, सोनार."

फुलाबाई माझ्याकडे बघत होती. "जोतीराम न्हाय. तुला जमंल व्हय रं?"

मी तोंड उघडायच्या आत ओसरीवरून आप्पा म्हणाले, "जमंल."

कशाच्या जोरावर म्हणाले ते मला कळले नाही. पुतळ्या ठेवून घेतल्या. पुतळ्या झुंबरच्या आईच्या आहेत. ती बाळंतपणात गेली. सोने बिघडले तर गाळून पुन्हा करता येते, पण दर वेळी थोडे जळते.

मंगळवार, १९ मार्च

डाखाचे पाच मेळ करून पाहिले. तांबे वाढवले, कमी केले. पितळेचा कीसही घातला. सगळे पितळेच्या तुकड्यावर पाहतो, पुतळ्यांना अजून हात लावलेला नाही.

वजनाच्या डबीतल्या गुंजा कमी होत आहेत. महिन्यापूर्वी चाळीस मोजल्या होत्या, आज तेवीस. उंदीर नेत असावेत. वहिनींना सांगितले तर म्हणाल्या, "उंदीर गुंज खात न्हाय, भावजी." मग कोण नेतो? सापळा लावला.

बुधवार, २७ मार्च

दादाची पेटी उघडली. चष्मा सापडला. जाड भिंगाचा. दादाला चष्मा होता हे मला ठाऊकच नव्हते. त्याच्याखाली कानशी, मोरपिसाच्या काड्या, मेणाचा गोळा. कागद एकही नाही. दादाला सहीपुरतेच लिहिता येत होते, कागद असणार कुठून? तरी मी तळाचा पत्रा उचकटून पाहिला.

एक गोष्ट लिहायची राहिली आहे. मरायच्या आदल्या दिवशी तापात दादाने मला हाक मारली. "रामहरी, दार लाव. तुला सांगतो." मी म्हणालो, "बरा हो, मग सांग." सगळ्यांना वाटले मी धीर दिला. तसे नव्हते. चौदा वर्षे मला दाराबाहेर ठेवले आणि आता आठवण झाली, याचा राग होता. त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले, मग वहिनींकडे पाहिले आणि डोळे मिटले.

सापळ्यात काही नाही. गुंजा सतरा.

रविवार, ३१ मार्च

वहिनींचा भाऊ जयवंता आला होता. त्याचे गाव इंदापूरच्या अलीकडे आहे. ओसरीवर बसून बोलला, "घरात बाईमाणूस दुसरं न्हाय, आन् रामहरी सडा. लोकं बोलत्यात. लगीन झाल्यावर वैशाखात अक्काला घिऊन जातो." लग्न म्हणजे झुंबरचे. त्या लगीनघरी त्यांचे नाते आहे.

मलाही हे बरोबर वाटते. वहिनींना मूल नाही. इथे त्यांना काय काम आहे? पहाटे उठतात, देवाचे गंध उगाळतात, इतके उगाळतात की सहाण दिवसभर ओली असते. विधवा बाईला एवढे गंध कशाला, हा प्रश्न मनात आला. विचारला नाही. तुळशीपाशी फोलपटे पडलेली असतात, मसुरीची असावीत.

आप्पाही अलीकडे पहाटेच उठून ओसरीवर भिंतीला डोके टेकून बसतात. झोप लागत नाही म्हणतात. वहिनींचे काम आटोपले की मग चहा मागतात.

जयवंताचे बोलणे चालू असताना वहिनी दाराआड होत्या. आप्पा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

गुरुवार, ४ एप्रिल. पाडवा

गुढी नाही.

पुतळी गाळून वाटी ठोकली. छान उतरली. रवे पाडले, चाळले. मांडले. जाळ धरला. पळाले. पुन्हा मांडले, डाख जास्त घातला. सगळे बुडाले, वाटीची कड वाकडी झाली. गाळावी लागली.

उजेडात काम करत होतो. दारावरून जाणारा प्रत्येक जण आत बघतो आहे असे वाटते. दादा दार का लावत होता ते आज कळले. की हेही चूकच आहे?

रविवार, ७ एप्रिल. इंदापूर

सर्व्हिस मोटारीने इंदापूरला आलो. आप्पांना सांगितले, टाकणखार आणायला जातो. खोटे बोललो. तात्याबाकडे गेलो होतो. धर्मशाळेत बसून हे लिहितो आहे, परतीची मोटार चार वाजता.

तात्याबा साठीचा, मिशा पांढऱ्या. ओसरीवर गिऱ्हाइकांत बसला होता. मला ओळखले. मोठ्याने म्हणाला, "या या! बारामतीचा कालवा आटला व्हय, इंदापुरास पानी मागाय आला?"

लोक हसले. मी खाली बसलो. म्हणालो, "तात्याबा, दादा मला काही सांगून गेला नाही. रवे कसे बसवायचे ते दाखवा. वाटेल ती अट घाला."

"जोतीराम गेल्याचं ऐकलं. वंगाळ झालं. हात हुता त्याला." मग आवाज उतरवून म्हणाला, "पर ह्ये बघ, झाकली मूठ हाय ही. माझ्या बानं मरताना मला सांगितली. तुला उघडून दावली तर माझ्या ल्योकाला काय ठिवू? आन् खरं सांगू? माझी वाटी तुझ्या वाटीशेजारी लोंबणार हाय. तुला शिकवून मी माझीच वाटी पाडू?"

त्याचे चुकले नाही. मी असतो तर मीही असेच म्हणालो असतो.

उठलो. पायरीवर त्याची सून सहाण धूत होती. पाणी माझ्या चपलेवर आले. त्यात बारीक लाल फोलपटे होती, एकाला काळा ठिपका. चप्पल झटकली. ती घाईने पदर ओढून आत गेली. सोनाराच्या घरात गंध उगाळायची एवढी हौस सगळीकडेच दिसते.

त्याच दिवशी, मोटारीत

काळा ठिपका. मसुरीला काळा ठिपका नसतो.

सोमवार, ८ एप्रिल

पहाटे उठून मागच्या दारी गेलो. वहिनी सहाणेवर वाकल्या होत्या. मी डबी पुढे धरली. आत नऊ उरल्या होत्या. म्हणालो, "वहिनी, उंदीर सापडला."

त्या दचकल्या. मग खाली बसूनच राहिल्या.

"दादा हे वापरत होता?"

"तुमच्या दादांनी आप्पाची शपथ घातली हुती." म्हणाल्या, "सुनंला सांगायचं न्हाई असा ह्या घराचा नेम. सुना माहेरी जात्यात, इद्या संगं जाती. त्यांनी नेम मोडला. डोळं गेलं हुतं त्यांचं, भावजी. चार वर्सं रवं म्याच बसवत हुते. ते नुसतं जाळ धरायचं. आप्पास्नी कळलं असतं तर मेल्यावरबी त्यांस्नी बोलणी बसली असती. म्हणून गप ऱ्हायले."

म्हणजे तो चष्मा त्यासाठी. आणि त्या दिवशी दादाने वहिनींकडे पाहिले तेही त्यासाठीच.

मी विचारले, "मग आता रोज कशासाठी उगाळता? फेकून तर देता."

"ही ठिवून भागत न्हाई. दुपार झाली की आंबती. रोजची रोज ताजी लागती." सहाणेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "पहाट झाली की हात ऱ्हात न्हाई."

काय ते आता मला ठाऊक आहे. महिनाभर मी धातूत शोधत होतो आणि ती वस्तू रोज माझ्या तराजूच्या पारड्यात होती. जाळ लागेपर्यंत रवा धरून ठेवायचा, एवढेच तिचे काम. मग ती जळून जाते आणि मागे खूण उरत नाही. नाव मात्र वहीत लिहीत नाही. शपथ आता माझ्यावरही आली.

बुधवार, १० एप्रिल

गुपित कळले तरी हात कुठून आणू? दोन दिवस बसवतो आहे. काडीच्या टोकावर लेप घ्यायचा, रवा उचलायचा, ठेवायचा. माझ्याकडून एक रवा बसतो तर दोन लोटले जातात. रांग वाकडी येते. वहिनींनी पितळेवर एक कड बसवून दाखवली. रांग बघून मला दादाच समोर बसल्यासारखे वाटले आणि मी बाहेर गेलो.

परत येऊन म्हणालो, "झुंबरची वाटी तुम्ही बसवा. कुणाला कळणार नाही."

त्यांनी काडी खाली ठेवली. "सवाष्णीच्या गळ्यातलं ल्यानं हाय. नवरीचं. त्याला माझा हात?"

"आतल्या खोलीत. दार लावून."

"न्हाई." इतक्या ठाम कधी बोलल्या नव्हत्या. "एक गुपित सांभाळून दमले, भावजी. दुसरं नगं. उद्या त्या पोरीचं काय वाकडं झालं तर मला कळंलच न्हवं, कुणी केलं त्ये? पोरीच्या घरच्यांस्नी इचारा. हो म्हणाले तर बसवते."

म्हणजे मला जळोचीला जाऊन हे तोंडाने सांगावे लागणार. मोहनराव पुतळ्या उचलून तात्याबाकडे जातील. दोन्ही वाट्या त्याच्याच होतील. मग आमच्या दारात रव्यासाठी कोण येईल?

शुक्रवार, १२ एप्रिल

जळोचीपर्यंत चालत गेलो. वाटेत तीनदा परत फिरावेसे वाटले. एकदा फिरलोही.

मोहनराव कालव्याचे पाणी धरायला बारेवर गेले होते, भेटले नाहीत. फुलाबाई बांधावर कांदे कापत होती. मी उभाच राहिलो.

"वाटी मोडली व्हय रं?"

"नाही." मग सगळे एका दमात सांगितले. दादाचे डोळे, वहिनींचा हात. ती वस्तू कोणती ते तेवढे सांगितले नाही.

तिचा विळा थांबला. मग ती हसायलाच लागली. "म्हंजी इद्या बाईच्या हातात, आन् तुमी गडी पागोटी बांधून दार राखीत हुता?"

हसणे संपल्यावर ती कांद्याची पात तोडत राहिली.

"झुंबरची आई गेली तवा पोर बारा दिसांची. ह्याच हातांनी न्हाऊ घातली, चमच्यानं शेळीचं दूध पाजलं. आता हळदीला म्हणत्यात, म्हातारे, जरा लांब सर." दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "तुझ्या वहिनीला म्हणावं, बसव. मोहन्याला मी सांगते. बोंबलंल, बोंबलू दे. आणि झुंबरला बी सांगते. तिच्या गळ्यात जायचं, तिला ठावं पायजे."

"आणि झुंबर नाही म्हणाली तर?"

"तर सांगावा धाडीन. न्हाई आला तर बसव म्हणून समज."

शनिवार, २० एप्रिल

सांगावा आला नाही. आठ दिवस दारात कोणीही आले की मी उठून बघत होतो.

आज सकाळी वाटी झाली. वहिनींनी कडेने एकवीस रवे बसवले आणि मधे एक. मी फुंकणी धरली. टाकणखार फुलला, बसला. एकही हलला नाही. सोने क्षणभर पाण्यासारखे चमकले आणि वहिनी म्हणाल्या, "बास." दादा कधी थांबत असे ते त्यांनाच माहीत. चिंचेच्या पाण्यात टाकून काढली. नखाला काही लागले नाही.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. त्या चुलीकडे गेल्या.

मी वाटी आप्पांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा कडेने फिरवला. पुन्हा फिरवला. मी ठरवून आलो होतो, म्हणून सांगितले. "आप्पा, हे मी नाही बसवले. वहिनींनी बसवले. दादाला दिसत नव्हते. दादावर रागावू नका."

आप्पा म्हणाले, "मला आवाज येतो की रं. जोतीराम उगाळायचा त्यो घाईचा. मग आवाज बदलला. बांगड्या वाजायच्या संगं." अंगठा अजून वाटीवरच होता. "आता नुसता दगुड वाजतो."

"मग मला सांगितले का नाही?"

वाटी परत मागितली तर लवकर देईनात.

जयवंताबद्दल विचारायचे होते. धीर झाला नाही.

रविवार, १२ मे

जळोचीला लग्नाला जाऊन आलो. वर्ष सरले नाही म्हणून पंगतीला बसलो नाही, मांडवाच्या कडेला उभा राहिलो. मोहनराव समोरून दोनदा गेले, बोलले नाहीत. फुलाबाई लांब मांडवाच्या एका मेढीला टेकून बसली होती, बायकांच्या घोळक्याबाहेर. मंगळसूत्र बांधायच्या आधी झुंबर स्वतः उठून तिच्याकडे गेली आणि तिने ते आजीच्या हातात दिले. बायकांत कुजबुज झाली. फुलाबाईने दोन्ही वाट्या बोटांनी चाचपल्या आणि परत दिल्या. "कुठली कुठली, मला म्हातारीला कळंना," असे मोठ्याने म्हणाली.

मग सगळ्यांनाच पाहायचे होते. तात्याबाही आला होता. त्याने वाट्या उन्हाला धरल्या, उलटल्या, पुन्हा धरल्या. एक वाटी त्याचीच होती तरी त्याला वेळ लागला.

मला मांडवामागे, बैलगाड्यांकडे घेऊन गेला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "कवा कळलं?"

"तुमच्या पायरीवर."

"तरी म्हनलं, त्या दिशी चप्पल का झटकली." मिशीला हात लावला. "तुमच्यात कोण उगाळतं?"

"वहिनी."

"आमच्यात सून. पोराच्या हाताला चव न्हाय." बैलाच्या पाठीवर थाप मारली. "सारा जलम झाकली मूठ म्हणत बसलो, आन् दोघांच्याबी मुठीत त्येच! जोतीराम बाजारात भेटायचा, रामराम घालायचा. एकदा बी बोललो न्हाय रं आमी. माझ्या दोन वाट्या एका साली फुटल्या, त्याला इचारलं असतं तर..."

दादाला हा माणूस असा मोकळा भेटायला हवा होता. मी दार लावायला हवे होते, त्या दिवशी.

बुधवार, १५ मे

काल दिवसभर वहिनींनी डबे घासले. पापडाचे पीठ कुठे, तिखट कुठे, मला दाखवले. त्यांचे गाठोडे एवढेसे आहे. मी जाऊ नका म्हणणार होतो. शब्द जुळवून ठेवले होते. त्या समोर आल्या की मी मिठाच्या बरणीकडे बघत होतो.

आज सकाळीच जयवंता गाडी घेऊन आला. उद्याच्या बाजारासाठी सुप्याकडचे दोन गिऱ्हाईक वाट्या घडवायच्या म्हणून येऊन बसले होते. झुंबरची पाहून आले म्हणाले. दार सताड उघडे. आप्पा ओसरीवर, नेहमीसारखे भिंतीला टेकून. आज आतून आवाज नव्हता. वहिनींनी गाठोडे उंबऱ्यापाशी आणून ठेवले.

जयवंता म्हणाला, "चला अक्का, ऊन व्हायच्या आत."

आप्पा उठले. चाचपडत बागेसरीपाशी गेले, दादाचे घोंगडे उचलले, झटकले, पुन्हा अंथरले. मला वाटले आता मला बसायला सांगतील. त्यांनी आतल्या दाराकडे तोंड केले. चौदा वर्षांत त्यांनी वहिनींना कधी नावाने हाक मारली नव्हती.

"कौसल्या," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "आज उगाळली न्हाईस?"

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. गिऱ्हाईक एकमेकांकडे बघू लागले. मी डबी उचलली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली. गाठोडे ओलांडून आत गेल्या.

जयवंता गोंधळला. "काय उगाळायचंय, आप्पा?"

आप्पा खाली बसले, फरशीवर, माझ्या जागी.

"गुंज," ते म्हणाले.